गवत, कापूस आणि डाव : यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासातील सामूहिक निर्णयांची मीमांसा

१

मनुष्यसमूहाच्या कृतींची कारणे शोधताना इतिहासकाराचा शोध बहुधा दोन ठिकाणी येऊन थांबतो. एक, कर्त्यांचा स्वभाव. दुसरे, परिस्थितीचा रेटा. एखादा समूह त्यागास सिद्ध झाला, तर त्याच्या ध्येयनिष्ठेचे गुणगान होते. एखाद्या समूहाने सार्वजनिक हिताची योजना मोडीत काढली, तर त्याच्या स्वार्थाकडे बोट दाखविले जाते. यवतमाळ जिल्ह्याच्या विसाव्या शतकातील इतिहासात या दोन्ही प्रकारचे निवाडे एकाच भूमीतील लोकांविषयी दिले गेले आहेत. १९३० साली याच जिल्ह्यात राखीव जंगलातील गवत कापून लोकांनी कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. तो त्याग ठरला. १९७२ नंतर याच जिल्ह्यातील कापूस कापूस-एकाधिकार खरेदी योजनेस चुकवून पैनगंगेपलीकडे जाऊ लागला. तो लोभ ठरला. पहिल्या पिढीचे नातू दुसऱ्या पिढीत होते. दोन पिढ्यांत एका जिल्ह्याचा स्वभाव एवढा पालटावा, हे सहजासहजी पटण्यासारखे नाही.

स्वभाव पालटला नसेल, तर पालटले काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यास गणिताची एक शाखा साहाय्यभूत होते. तिला इंग्रजीत ‘गेम थिअरी’ असे नाव आहे. तिचा परिचय करून देणे आणि तिच्या आधारे वरील दोन घटनांचा व तदनंतरच्या तिसऱ्या एका घटनेचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या शास्त्रासाठी मराठीत ‘खेळसिद्धान्त’ हा शब्द योजला जातो. तो चुकीचा नव्हे. परंतु ‘खेळ’ या शब्दाने मनोरंजनाचा भास होतो आणि विषयाचे गांभीर्य हरपते. मराठीतील ‘डाव’ हा शब्द या कामी अधिक समर्थ आहे. खेळातील पाळी म्हणजे डाव. कुस्तीतील पकड म्हणजे डाव. पणाला लावलेली वस्तूही डावावरच लागते. आणि मनात योजून ठेवलेली मसलत हाही डावच. पाळी, खेळी, पण आणि मसलत ही या शास्त्राची चारही अंगे एका देशी शब्दात सामावलेली आहेत. ‘डावपेच’ या जोडशब्दात तर प्रतिस्पर्ध्याचे अस्तित्वही गृहीत आहे, कारण पेच एकट्याने पडत नाही. म्हणून या लेखात ‘डावसिद्धान्त’ हीच संज्ञा योजली आहे.

२

डावसिद्धान्ताचा मूळ विचार साधा आहे. शेतकरी पावसाचा अंदाज घेऊन पेरणीचा दिवस ठरवितो, तेव्हा त्याचा सामना निसर्गाशी असतो. शेतकरी काय ठरवितो हे पाहून पाऊस आपला बेत बदलीत नाही. परंतु तोच शेतकरी कापूस आज विकावा की महिनाभर घरात ठेवावा, हे ठरवितो, तेव्हा इतर हजारो शेतकरी व व्यापारी काय करतील यावर त्याच्या निर्णयाचे फळ अवलंबून असते, आणि तेही नेमका असाच विचार करीत असतात. जेथे एकाच्या निर्णयाचे फळ दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते आणि हे दोघांसही ठाऊक असते, तेथे डाव असतो.

या विचारास गणिती रूप देण्याचा प्रारंभ विसाव्या शतकात झाला. फ्रेंच गणिती एमिल बोरेल यांनी १९२१ पासून या विषयावर टिपणे लिहिली. १९२८ साली जॉन फॉन नॉयमन यांनी या शास्त्राचा पहिला मोठा सिद्धान्त सिद्ध केला. एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा, अशा दोघांच्या डावात प्रत्येकास आपला कमीत कमी लाभ निश्चित करणारी एक नीती सापडते आणि त्या दोन नीतींचा मेळ बसतो, असा तो सिद्धान्त होय. अशा डावात गुप्ततेस फार मोल असते. आपली पुढची पकड आधी सांगणारा मल्ल चीतच होणार. १९४४ साली फॉन नॉयमन व अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या शास्त्राचा अर्थशास्त्रात प्रवेश झाला.

परंतु संसारातील बहुतेक डाव कुस्तीसारखे नसतात. दोघेही जिंकतील किंवा दोघेही हरतील, असे प्रसंगच अधिक. १९५० साली जॉन नॅश यांनी अशा सर्व डावांस लागू पडणारी समतोलाची कल्पना मांडली. इतरांनी आपापली नीती कायम ठेवली असता कोणाही एकास आपली नीती एकट्याने बदलून लाभ होत नाही, अशी स्थिती म्हणजे समतोल. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. समतोल म्हणजे सर्वांच्या हिताची स्थिती नव्हे. तिच्यातून एकट्याने बाहेर पडण्याचे कोणास कारण नसते, एवढाच तिचा अर्थ. समाज वाईट समतोलातही वर्षानुवर्षे राहू शकतो.

याच १९५० साली मेरिल फ्लड व मेल्विन ड्रेशर यांनी एक डाव रचला आणि आल्बर्ट टकर यांनी त्यास दोन कैद्यांच्या कथेचे रूप दिले. निरनिराळ्या कोठड्यांत ठेवलेल्या दोन कैद्यांपैकी प्रत्येकास, दुसरा काहीही करो, कबुलीजबाब देणेच सोयीचे असते; परिणामी दोघेही कबूल होतात आणि दोघेही गप्प राहिले असते तर मिळाली असती त्याहून मोठी शिक्षा भोगतात. या ‘कैद्यांच्या पेचा’त शहाणपणाची बेरीज मूर्खपणा होते.

याहून निराळा असा डावाचा एक प्रकार रूसो यांनी १७५५ सालीच सुचविला होता. सर्व पारध्यांनी आपापली जागा राखली तर हरिण मिळते. परंतु एकाने सशामागे धाव घेतली की हरिण निसटते. येथे इतर जागेवर टिकतील अशी खात्री असेल, तर आपणही टिकणेच हिताचे असते. म्हणजे मोह आड येत नाही, अविश्वास आड येतो. यास ‘समन्वयाचा डाव’ म्हणता येईल. यात सर्वांनी टिकणे हा एक समतोल आणि सर्वांनी पळणे हा दुसरा समतोल. कोणता प्रत्यक्षात येईल हे केवळ लाभहानीच्या गणिताने ठरत नाही. १९६० साली टॉमस शेलिंग यांनी दाखविले की, अशा वेळी लोक पूर्वस्मृती, रूढी, ठळकपणा यांच्या आधारे एखाद्या ‘संकेतबिंदू’वर येऊन मिळतात. प्रत्येकास एखादी गोष्ट ठाऊक असणे पुरेसे नसते. ती सर्वांस ठाऊक आहे, हेही सर्वांस ठाऊक असावे लागते. १९६९ साली तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी भाषेच्या संकेतांचीही हीच उपपत्ती मांडली. शब्दाचा अर्थ टिकतो, कारण इतर तो त्याच अर्थाने घेतील अशी प्रत्येकाची अपेक्षा असते.

कैद्यांचा पेच आणि समन्वयाचा डाव यांतील हा भेद हाती घेऊन आता यवतमाळच्या इतिहासाकडे वळता येईल.

३

६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडी येथे मिठाचा कायदा मोडला. संकेतबिंदू म्हणून मिठाची निवड असामान्य होती. ते प्रत्येक घरात होते आणि त्यावरील कराची झळ सर्वांस सारखी ठाऊक होती. परंतु वऱ्हाडास समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहीहांडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून कायदेभंग झाला खरा. तथापि पूर्णेच्या काठचे असे खारे पाणी यवतमाळच्या डोंगराळ मुलुखात नव्हते. कायदा मोडण्याची इच्छा असूनही मोडावयाचा कोणता, हा तेथील कार्यकर्त्यांपुढील खरा प्रश्न होता.

जंगलचा कायदा हे त्याचे उत्तर ठरले. तत्कालीन वन कायद्यान्वये राखीव जंगलातील गवत परवान्यावाचून कापणे किंवा तेथे गुरे चारणे हा गुन्हा होता. यवतमाळ जिल्ह्याच्या मोठ्या भागावर जंगल होते आणि गाईगुरांचा चारा, सरपण व घरावरील छप्पर या निमित्ताने जंगल खात्याशी गावकऱ्यांचा नित्य संबंध येई. समुद्रकिनाऱ्यावरील गावास जे मीठ, ते या मुलुखास गवत होते. मूळ वणीचे आणि यवतमाळला वकिली करणारे लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला आणि त्यांस अटक झाली. २१ जुलै रोजी यवतमाळजवळ लोहारा येथे डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जंगल सत्याग्रह केला. त्यांस एकूण नऊ महिन्यांची शिक्षा झाली. त्या पावसाळ्यात मध्यप्रांत व वऱ्हाडात आणि मुंबई इलाख्यातही अनेक ठिकाणी जंगल सत्याग्रह झाले.

या घटनेतील तीन गोष्टी डावसिद्धान्ताच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहेत. पहिली, काळाची. मृगाच्या पावसानंतर जुलैत गवत कापण्याजोगे होते. ते सर्वत्र एकाच वेळी उगवते आणि सर्वांस दिसते. पावसाळ्याने जणू सर्व गावांस एकच तारीख नेमून दिली.

दुसरी गोष्ट उघडपणाची. कुस्तीच्या डावात गुप्ततेस मोल असते, हे वर पाहिले. सत्याग्रहाची रीत नेमकी उलट होती. दांडीयात्रेपूर्वी २ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपला बेत कळविला होता. सत्याग्रही स्थळ व काळ आधी जाहीर करीत आणि सर्वांसमक्ष कायदा मोडीत. याची नैतिक उपपत्ती सुपरिचित आहे. परंतु तीत डावाचेही शहाणपण होते. सरकारपासून काही लपविण्यापेक्षा, आपण मागे फिरणार नाही हे सहकाऱ्यांस आणि बघ्यांस कळणे अधिक मोलाचे होते. प्रतिष्ठित वकिलाने हाती विळा घेऊन अटक करवून घेतली, म्हणजे माघारीचा मार्ग त्याने स्वतःच बंद केला. समन्वयाच्या डावात अविश्वास हाच शत्रू असल्याने अशा कृतीने तो क्षीण होतो. प्रत्येक प्रेक्षकास गवत कापले गेल्याचे दिसते, आणि इतरांनीही ते पाहिले आहे, हेही दिसते.

तिसरी गोष्ट सरकारच्या पेचाची. अटक करावी तर सत्याग्रहींची प्रतिष्ठा वाढते आणि तुरुंग भरतात. न करावी तर कायद्याचा धाक उरत नाही. दोन्ही खेळींत सरकारची हानीच होती. या पेचातून सुटण्यासाठी शासनाने बळाचाही आश्रय घेतला. २५ सप्टेंबर १९३० रोजी कुलाबा जिल्ह्यात चिरनेर येथे आणि ९ ऑक्टोबर रोजी मध्यप्रांतात सिवनी जिल्ह्यातील तुरिया येथे गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. डाव लोकांच्या बाजूने झुकणारच होता, असे म्हणता येत नाही. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानंतरही वन कायदा कायमच राहिला.

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. स्वराज्याचा लाभ सर्वांसच मिळावयाचा. मग इतरांस तुरुंगात पाठवून आपण घरी बसणे, हेच प्रत्येकास सोयीचे नव्हते काय? म्हणजे हा डावही मुळात कैद्यांचा पेचच होता. हा प्रश्न मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ साली सामूहिक कृतीच्या संदर्भात सर्वसाधारण रूपाने मांडला आणि तो टाळता येणार नाही. त्याचे उत्तर असे की, उघडपणामुळे डावाचे मोलच बदलले. गाव पाहत असताना जो पुढे झाला त्यास मान मिळाला, आणि जो मागे राहिला त्याचे मागे राहणेही गावाने पाहिले. तुरुंगवासाच्या पारड्यासमोर प्रतिष्ठेचे पारडे आले. घरी बसण्याचा लाभ नाहीसा होताच, उरला तो केवळ एकमेकांवरील विश्वासाचा प्रश्न. जंगल सत्याग्रहाचे यश असे की, त्याने कैद्यांच्या पेचाचे रूपांतर समन्वयाच्या डावात केले.

४

आता कापसाकडे वळू. काळ्या जमिनीचा हा जिल्हा एकोणिसाव्या शतकापासून बाजारासाठी कापूस पिकवीत आला आहे. वेचणीनंतर शेतकऱ्यास पैशाची निकड असते. व्यापारी व अडते यांस ती ठाऊक असते. ही विषमता दूर करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९७१ साली कच्च्या कापसाची खरेदी, प्रक्रिया व विक्री यांविषयीचा कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी योजना अमलात आली. राज्यातील शेतकऱ्याने आपला कापूस केवळ योजनेच्या संकलन केंद्रावर द्यावा, शासनाने हमी दर द्यावा, रुई व सरकीच्या विक्रीतून अधिक मिळेल ते शेतकऱ्यास हप्त्याने द्यावे, आणि तेजीच्या वर्षातील काही भाग दर-चढउतार निधीत टाकून मंदीच्या वर्षी तो वापरावा, अशी तिची रचना होती. १९८४ साली या कामासाठी कापूस उत्पादकांचा स्वतंत्र राज्य सहकारी पणन महासंघ स्थापन झाला.

योजनेचे गणित समजण्यासाठी काही काल्पनिक अंक घेऊ. समजा, एका मापाच्या कापसास बाहेरच्या बाजारात तेजीच्या वर्षी ६०० व मंदीच्या वर्षी २०० रुपये मिळतात. मध्यस्थ टाळल्याने योजनेचे दर मापामागे ५० रुपये वाचतात. तर योजनेस तेजीत ६५० आणि मंदीत २५० मिळतील. ती शेतकऱ्यास दोन्ही वर्षी ४५० देऊ शकेल. तेजीतील २०० निधीत जातील आणि मंदीत तेच परत येतील. दोन वर्षांत शेतकऱ्यास ९०० मिळतील. योजना नसती तर ८०० मिळाले असते. योजना सर्वांच्या हिताची आहे, हे उघड दिसते.

आता एका शेतकऱ्याने तेजीत आपला कापूस बाहेर ६०० ला विकला आणि मंदीत तो केंद्रावर ४५० ला घातला, तर त्यास १०५० मिळतील. हजारो शेतकऱ्यांत त्याच्या एकट्याच्या फितुरीने निधी आटत नाही. परंतु सर्वांनीच असे केले तर निधीत काहीच जमणार नाही, मंदीत योजना २५० च देऊ शकेल आणि प्रत्येकास ८५० मिळतील. आणि इतर सर्व बाहेर गेले असता जो एकटा योजनेशी प्रामाणिक राहील, त्यास तेजीत ४५० व मंदीत २५० असे ७०० च मिळतील. त्याने निधीत टाकलेले २०० हजारोंत वाटले जातील. इतर काहीही करोत, तेजीत बाहेर विकणे हेच प्रत्येकास लाभाचे ठरते, आणि सर्वांनी तसे केल्याने सर्वांचे ९०० चे ८५० होतात. हा कैद्यांचा पेच होय. त्यात कोणाचा विशेष लोभ गृहीत धरावा लागत नाही. घरसंसाराचा साधा हिशेब पुरतो.

भूगोलाने या पेचात भर घातली. यवतमाळच्या दक्षिणेस पैनगंगा. पलीकडे त्या काळी आंध्र प्रदेशातील व २०१४ पासून तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा, जेथे योजना नव्हती आणि कापसाची मोठी बाजारपेठ होती. पांढरकवड्याहून पाटणबोरीमार्गे जाणाऱ्या हमरस्त्याने ही सीमा एका रात्रीत ओलांडता येई. बाहेर तेजी असली की कापूस पलीकडे जाई. बाहेर मंदी असली की पलीकडचा कापूस अलीकडच्या संकलन केंद्रावर येई. त्यामुळे निधी भरावयाचा त्या वर्षी योजनेकडे कापूस कमी, आणि निधी रिता करावयाचा त्या वर्षी कापूस अधिक, असा विपरीत प्रकार घडे. शासनाने नाकी उभारली. परंतु नाक्यावरील पहारा हा गावाच्या नजरेसारखा नसतो.

शासन हाही या डावातील एक खेळाडू होता, याचा विसर पडता कामा नये. हप्त्याने मिळणाऱ्या चुकाऱ्यास विलंब होई. ज्याच्या दारी सावकार बसला आहे, त्यास सहा महिन्यांनंतरच्या शंभरापेक्षा आजचे ऐंशी अधिक मोलाचे. मंदीच्या वर्षी हमी दर बाजारापेक्षा पुष्कळ वर ठेवण्याचा राजकीय मोह शासनास आवरत नसे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक दर कोसळले तेव्हा योजनेचा तोटा फार वाढला, आणि २००२-०३ च्या हंगामापासून खाजगी व्यापाऱ्यांस खरेदीची मुभा मिळून एकाधिकार संपुष्टात आला. शासन उद्या आपले वचन पाळील अशी शेतकऱ्यास खात्री नव्हती, आणि शेतकरी उद्या कापूस आणील अशी शासनास खात्री नव्हती. दोघांचाही अविश्वास सकारण होता, आणि त्याच कारणाने तो टिकला.

५

एकाधिकार संपला त्याच २००२ साली देशात बीटी कापसाच्या लागवडीस मान्यता मिळाली आणि नवा डाव सुरू झाला. या वाणाच्या झाडात बोंडअळीस मारक असे प्रथिन असते. परंतु सर्वत्र हेच वाण लावले, तर त्या प्रथिनास दाद न देणाऱ्या मोजक्या अळ्याच जगतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. म्हणून बीटी कापसाभोवती साध्या कापसाच्या पाच ओळी, किंवा क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक होईल तेवढी आश्रय-लागवड करावी, असा नियम होता. तीवर वाढलेल्या साध्या अळ्यांशी संकर होऊन प्रतिकारशक्तीचा प्रसार लांबावा, हा त्यामागील हेतू. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधे बियाणे याचसाठी दिले जाई.

हे छोटे पाकीट बहुतेक ठिकाणी पेरलेच गेले नाही. आश्रय-ओळींवर अळी पडते, तो तोटा एकट्याचा. अळीची प्रतिकारशक्ती वाढत नाही, हा लाभ साऱ्या शिवाराचा. फरदडीचेही असेच आहे. वेचण्या संपल्यावर पऱ्हाटी उपटून न टाकता पाणी देऊन आणखी एक-दोन वेचण्या घेतल्या, तर त्या शेतकऱ्याच्या हाती चार पैसे अधिक येतात. पण त्याच पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते आणि शेजाऱ्याच्या शेतात उतरते. पैनगंगेच्या नाक्यावरचा पेच आता प्रत्येक बांधावर आला.

२०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापसाचे प्रचंड नुकसान केले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. या मृत्यूंची कारणे अनेक होती: औषधांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव, डोक्याएवढे वाढलेले पीक, दमट हवा. एकट्या बोंडअळीवर त्यांचा भार टाकणे बरोबर होणार नाही. परंतु फवारणीवरील भिस्त ज्या मार्गाने वाढत गेली, त्या मार्गावर हा पेचही उभा होता, हे नाकारता येत नाही. ज्या डावात प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणा निर्णय घेतला, त्याचा पण ज्याचे स्वतःचे शेतही नाही अशा फवारणाऱ्या मजुराने भरावा, हे या प्रकरणातील सर्वांत दारुण सत्य होय. डावात नसलेल्याचीही हानी होते, आणि लाभहानीच्या कोष्टकात त्याचे घरच नसते.

यानंतर जे उपाय योजले गेले, त्यांत डावाची रचना बदलण्याचा प्रयत्न दिसतो. बियाण्यांची विक्री पुढे ढकलून मे महिन्यातील लागवड टाळणे, फरदड न घेता सर्वांनी एकाच सुमारास शेते मोकळी करणे, कामगंध सापळे लावणे आणि आश्रय-बियाणे निराळ्या पाकिटात न देता बीटी बियाण्यातच मिसळून देणे, हे ते उपाय. शेवटचा उपाय विशेष उद्बोधक आहे. त्याने शेतकऱ्यास उपदेश केला नाही. त्याच्या हातातील खेळीच बदलली. पाकीट टाकून देण्याचा पर्यायच उरला नाही.

६

या तिन्ही प्रकरणांचा एकत्र विचार केला असता असे दिसते की, यवतमाळच्या लोकांचा स्वभाव १९३० साली उदात्त आणि १९७२ नंतर हीन झाला, असे मानण्याचे काही कारण नाही. पालटली ती डावाची रचना. गवताचा डाव उघड्यावर, गावाच्या साक्षीने, सर्वांस ठाऊक अशा वेळी झाला. कापसाचा डाव रात्रीच्या रस्त्यावर, अनोळखी बाजारात, एकट्याच्या हिशेबाने झाला. आश्रय-ओळींचा डाव तर कोणाच्या दृष्टीसच पडला नाही, कारण न पेरलेले बी दिसत नाही.

समाजास अशा पेचांतून वाट काढता येतच नाही, असे मात्र नव्हे. सावड आणि इर्जिक हे शब्द मराठीत फार पूर्वीपासून आहेत. आज तुझ्या शेतात माझे बैल, उद्या माझ्या शेतात तुझे, हा व्यवहार लेखी करारावाचून चालत आला. कारण एकच: तोच शेजारी उद्या पुन्हा भेटणार असतो. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८४ सालच्या ग्रंथात दाखविले की, तोच डाव त्याच भिडूंशी पुनःपुन्हा खेळावयाचा असेल, तर सहकार्य स्वार्थातूनही उगवू शकते. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० साली निरनिराळ्या देशांतील कुरणे, कालवे व मासेमारीच्या जागा यांची उदाहरणे घेऊन सिद्ध केले की, नियम वापरणाऱ्यांनीच केले आणि एकमेकांवर लक्ष ठेवणे सोपे असले, तर सामाईक संपत्ती टिकते. एकाधिकार योजनेने सहकाराचे नाव घेतले. परंतु तिची व्याप्ती राज्याएवढी आणि नजर नाक्यापुरती होती. सावडीची व्याप्ती लहान, पण नजर पुरेपूर.

डावसिद्धान्ताची मर्यादाही येथेच दाखविली पाहिजे. मोल ठरल्यावर खेळी कोणती होईल, हे तो सांगतो. मोल कोठून येते, हे सांगत नाही. तुरुंगवासापेक्षा गावाचा मान अधिक मोलाचा का वाटावा, गवताची एक पेंढी स्वराज्याची खूण का व्हावी, याचे उत्तर कोष्टकात नाही. ते भाषेत, स्मृतीत आणि रूढीत आहे, आणि म्हणून ते इतिहासाच्या अभ्यासकानेच शोधावयाचे आहे. उलट, इतिहासकाराने या शास्त्रापासून एवढे घ्यावे की, समूहाच्या स्वभावावर निवाडा देण्यापूर्वी त्याच्यापुढे कोणता डाव मांडला होता, आणि तो कोणी मांडला होता, हे आधी पाहावे.